काकूंचा पाय लागला ती वीट

काकू उलट्या चालायच्या. लोकांकडे तोंड, रस्त्याकडे पाठ, अंगावर सुती साडी, पायात भलेमोठे पांढरे बूट आणि बोलणं अखंड सुरू. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहराच्या त्या उंचसखल विटांच्या फुटपाथवर मी सरळ चालतानाही ठेचकाळायची, आणि ह्या बाई मागे न बघता झाडाच्या मुळाला वळसा घालायच्या! "अगं, चेहरे दिसल्याशिवाय मला बोलताच येत नाही," म्हणायच्या.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. काका-काकू आमचे तिथले शेजारी, काका डॉक्टर होते. काकू नागपूरच्या, इतिहासात एम.ए., पण त्या डिग्रीला अमेरिकेत कोण विचारतो? वर्षानुवर्षं पोळ्या लाटून, मुलांना शाळेत ड्रॉप करून झाल्यावर एक दिवस त्यांनी गाइडची परीक्षा दिली आणि एका टूर कंपनीत लागल्या. त्या दिवशी त्यांच्या घरी श्रीखंड होतं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी नुसती डॉक्टरांची बायको नाहीये गं," म्हणत त्यांनी मला दुसरी वाटी वाढली. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, नवरा दिवसभर ऑफिसात. "घरात रडत बसशील, त्यापेक्षा चल," म्हणत त्या मला टूरच्या शेपटाला लावायच्या.

एका वेळी सहाच माणसं घ्यायच्या. "जास्त झाली की आपापसात गप्पा मारतात मेले!" भरलेली घोडागाडी शेजारून गेली की नाक मुरडायच्या. गाडीवाला मात्र हॅट काढून त्यांना सलाम करायचा.

एका सकाळी एका पांढऱ्या खांबांच्या बंगल्यासमोर उलटं चालताना त्यांची टाच एका विटेवर पडली. सहज खाली बघितलं, तर विटेत बोटांचे ठसे. बारीक, लहान मुलाचे. गुलामांची पोरं ओल्या विटा उचलून उन्हात मांडायची, हे त्यांनी वाचलं होतं, बघितलं नव्हतं. काकू झटकन वाकल्या, विटेला हात लावला आणि कपाळाला लावला. कुणाला पाय लागला की आपण नमस्कार करतो, तसाच.

"मॅम, आर यू ओके?" एका आजोबांनी विचारलं.

"आमच्याकडे माणसाला पाय लागला की असा नमस्कार करतात," काकू इंग्रजीत म्हणाल्या.

"पण ही तर वीट आहे."

"हो, पण बोटं कुणाची आहेत बघा ना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आजोबा बराच वेळ त्या विटेपाशी उभे होते. तेव्हापासून प्रत्येक टूर तिथे थांबायची.

बंगल्याच्या मालकीणबाईंनी तक्रार केली. टूर कंपनीचा मॅनेजर काकूंना म्हणाला, लोक सुट्टीवर येतात, त्यांना बागा दाखवा. पलीकडच्या फुटपाथने न्या, नाहीतर शनिवारची टूर शेवटची.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. काका म्हणाले, "कशाला उगाच वाद? पलीकडून ने ना. एवढ्या मुश्किलीने मिळालाय जॉब."

"अहो, हवाय मला तो जॉब. फार हवाय," काकूंचे डोळे भरून आले. "पण तिथे कोण आहे ते आता कळलंय ना मला. कशी जाऊ पलीकडून?"

शनिवारी कंपनीने रस्ता शिकायला एक नवी मुलगी सोबत धाडली, काकूंनी ऐकलं नाही तर त्यांच्या जागी येणारी. काकूंना ते ठाऊक होतं. तरी त्या विटेपाशी थांबल्या, वाकल्या आणि त्या मुलीलाही सगळं नीट समजावून सांगितलं. जॉब गेला. पुढे काकांनी मिशिगनला नोकरी घेतली. काकू पुन्हा गाइड झाल्या नाहीत. मला अजून त्याचा राग येतो.

बऱ्याच वर्षांनी काकू वारल्या, त्याच्या पुढच्या वर्षी मी लेकीला घेऊन चार्ल्सटनला गेले. त्या बंगल्यापाशी एक तरुण गाइड सहा-सात माणसं घेऊन उभा होता. तो वाकला, विटेला हात लावला, कपाळाला लावला. मागोमाग सगळे वाकले. मी विचारलं, हे कुणी सुरू केलं? खांदे उडवून म्हणाला, "माहीत नाही. मला जिने शिकवलं ती करायची. आम्ही सगळेच करतो."

"आई, व्हाय आर यू क्राइंग?" लेक घाबरली.

मी पुढे झाले. वाकले. एक नमस्कार विटेतल्या त्या पोराला केला, आणि एक आमच्या काकूंना.