गाडीत न बोलणारी मुलगी

१४ जून २००८, शनिवार, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. चेन्नईतल्या मैलापूरच्या आमच्या श्रवणतपासणी केंद्रात सहा वर्षांच्या मृण्मयीला घेऊन दोन पुरुष आले. एक तिचे वडील सुहास, मूळचे पुण्याचे, मोटार कंपनीत इंजिनिअर. दुसरे रघुनाथन, वडिलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेचे सल्लागार. मृण्मयी आईकडे राहत होती आणि तिच्या ताब्याचा दावा कोर्टात होता.

"सिंपल केस, मॅडम," रघुनाथन म्हणाले. "भेटीच्या वेळी मुलगी वडिलांना उत्तर देत नाही. आईने पढवलंय. हिअरिंग नॉर्मल, एवढं लिहून द्या. सोमवारी कोर्टात लावतो."

"तपासण्याआधीच?"

"आमच्या सगळ्या केसेस अशाच असतात."

एकही मूल न तपासता सर्वांचे निदान करण्याची ही पद्धत आमच्या अभ्यासक्रमात नव्हती. मी सुहासना विचारले, "हिला वरचेवर सर्दी होते? कान दुखतो?"

"ते सगळं तिची आई बघते."

"आणि ताबा कसा हवाय?"

"फिफ्टी-फिफ्टी," रघुनाथनच उत्तरले. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वाला सर्दी होत नाही, हे मान्य करायला हवे. मी आईला फोन करू का, असे विचारताच रघुनाथन म्हणाले, "ती तुम्हालाही पढवेल." सुहासनी मात्र नंबर दिला.

आई एका दमात म्हणाली, "सर्दी हटतच नाहीये. टीचरनी पुढच्या बाकावर बसवलंय. मी यांना सांगितलं होतं, तर म्हणाले, वकिलामार्फत बोल."

मृण्मयीला हेडफोन लावले. आवाज आला की डब्यात मणी टाकायचा. ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज आम्ही डेसिबलमध्ये नोंदवतो; आकडा जितका लहान, तितका कान चांगला. डावा कान दहा. उजव्या बाजूला आवाज वाढवत नेला, तरी मणी हातातच. अखेर पंचेचाळीसला पडला. कानात हवेचा दाब देऊन पाहिले, तर पडद्यामागे पाणी साचले होते. उपचारांनी बरे होण्याजोगे.

"भेटीच्या वेळी तुम्ही कुठे असता?"

"गाडीत. ईसीआरने, समुद्रकाठच्या रस्त्याने, कोवलमला जातो. ती पुढे, माझ्या शेजारी. काचा उघड्या, तिला वारा आवडतो."

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. म्हणजे त्यांचे सारे बोलणे नेमके तिच्या उजव्या कानावर पडत होते, आणि चांगल्या डाव्या कानात खिडकीतला वारा घोंघावत होता.

रघुनाथन लगेच सावरले. "मग असं लिहा, आईने दुर्लक्ष केलं."

कान चांगला म्हणून मघाशी आई दोषी. आता खराब म्हणूनही तीच. कोणत्याही निष्कर्षाने सिद्ध होणारे गृहीतक विज्ञानात निरुपयोगी मानतात. संघटनेत त्याला स्ट्राँग केस म्हणत असावेत. मी नकार दिला.

"म्हणजे ती रुसली नव्हती?" सुहासनी विचारले.

"तिला तुमचं बोलणं ऐकूच येत नव्हतं."

ते रघुनाथनांकडे वळले. "दाव्यातला तो पढवल्याचा पॅरा काढून टाका."

"सर, केस कमजोर होईल."

"होऊ दे."

दावा पुढेही चाललाच. तो पॅरा तेवढा गेला. कानाच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर फेरतपासणीला आई-वडील दोघेही आले. एकमेकांशी बोलले नाहीत, पण मृण्मयी दोघांशी अखंड बोलत होती. मुलाच्या गप्प बसण्यावरून आईला कोर्टात खेचण्यापूर्वी कान तपासून घ्यावा. वकिलापेक्षा ते स्वस्त पडते.

उजवा कान : १५ डेसिबल.