हेरंबचं 'मग?'

वर्ध्याच्या सुनेत्राला गप्प बसणं कधी जमलंच नाही. नवरा नंदकुमार केंद्र सरकारच्या नोकरीत; त्याची चंदीगडला बदली झाली आणि १९७४ साली ती सेक्टर बावीसच्या क्वार्टरमध्ये आली. तिथे दिवसभर तिचं मराठी ऐकायला एकटा तिचा साडेतीन वर्षांचा मुलगा हेरंब. कणीक मळता मळता ती त्याला सगळं सांगायची, फुलका का फुगला, चिमणी कुठे गेली. त्याला फार बोलता यायचं नाही, पण ती थांबली रे थांबली की विचारायचा, "मग?" त्या 'मग'नं ती कधीकधी पार वैतागून जायची.

नर्सरीत प्रवेशासाठी नेलं, तिथल्या मॅडमनी इंग्रजीत नाव विचारलं, तेव्हा हेरंबनं आईचा पदर तोंडात घातला. घरात मराठी, अंगणात पंजाबी, म्हणून पोरगं गोंधळतंय, असं निदान त्यांनी उभ्या उभ्या केलं. घरात फक्त हिंदी बोला आणि दोन महिन्यांनी परत आणा, म्हणाल्या. नंदकुमारला ते वरून आलेलं परिपत्रकच वाटलं. त्याच संध्याकाळी त्यानं मुलासमोर मराठी बोलणं बंद केलं.

आता सुनेत्राची हिंदी भाजीवाल्यापुरती. त्या हिंदीत घासाघीस करता यायची, चिमणी कुठे गेली ते सांगता यायचं नाही. मग येत होतं तेवढंच ती बोलू लागली. खाओ, बैठो, मत करो, चुप. सांगण्यासारखं काही उरलंच नाही, तर पोर 'मग' तरी कशाला म्हणेल? हे तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. शाळा मिळू दे, नंतर बोल हवं तेवढं, म्हणून तो पेपरात शिरला. पालथ्या घड्यावर पाणी. तिचा नुसता संताप व्हायचा, पण मुलासमोर भांडायचं तर तेही हिंदीतच.

दोन महिन्यांनी मॅडम खूश झाल्या. ऊठ म्हटलं की उठतो, बस म्हटलं की बसतो. प्रवेश पक्का. नंदकुमारनं येताना बर्फी आणली.

दुपारी व्हरांड्यातल्या उन्हात हेरंब लाकडी घोड्याला जेवू घालत होता. "खाओ. बैठो. चुप." पुढचं ऐकायला सुनेत्रा दारात थांबली. पुढचं काही नव्हतंच. हे आपलंच बोलणं, हे तिला कळलं तशी ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"घोड्याला विचार ना रे, भाजी कशी झालीय?"

त्यानं आधी आत बाबांच्या खोलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हिंदी में, आई."

"खड्ड्यात गेली ती शाळा," ती म्हणाली आणि तिनं घोड्याची गोष्ट सुरू केली. घोडा वर्ध्याहून निघाला, वाटेत त्याला एक चिमणी भेटली. नेहमीच्या जागी सुनेत्रा थांबली. हेरंब नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

शेवटी तिनंच विचारलं, "मग?"