अण्णांच्या सत्काराला निघालेली घोडी

ज्या दिवशी आमच्या अण्णांना वेळेवर माल पोचवण्याबद्दल पुरस्कार मिळाला, त्या दिवशी त्यांचा एकच माल उशिरा पोचला. तो आणायचं काम माझ्याकडं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. उस्मानपुऱ्यात आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. (ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि पंख्याखाली अण्णा.) वाहतूकदारांच्या संघटनेनं त्यांची निवड केली, तशी घरात पेढे वाटून झाले, पण अण्णांना ट्रॉफीचं काही नव्हतं. त्यांना पहिल्या रांगेत फक्त बापू हवे होते. बापू म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, फुलंब्रीला शेती करतात. अण्णांनी वाटणीचं वावर विकून पहिला ट्रक घेतला, तेव्हा बापू सगळ्या भावकीसमोर म्हणाले होते, "वावर इकून चाकं घेतली. आता चाकं पेर अन् चाकं खा." त्यानंतर बोलणं होतं, येणं-जाणं होतं, दिवाळीचा फराळही होता, पण अण्णांच्या गाडीत बापू कधी बसले नाहीत. ह्या खेपेला मात्र अण्णांनी फोन केला आणि बापू म्हणाले, "धाड गाडी." अण्णा दिवसभर हवेत होते.

त्यांनी मला घरची कार न्यायला सांगितलं. मी टेम्पो नेला. त्याला कारण आहे. ट्रान्सपोर्टवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाच्या, रिकामी गाडी पळवली की पोटात दुखतं. फुलंब्रीच्या एका मंडपवाल्याच्या खुर्च्या आमच्याकडं पडून होत्या. जाता जाता खुर्च्या उतरवू आणि येता येता बापूंना घेऊ, असं मी ठरवलं. डोकं लई चालतं माझं.

खुर्च्या उतरल्या. बापू पांढरंशुभ्र धोतर, कडक सदरा आणि पांढरा फेटा घालून ओट्यावर तयारच बसले होते. मी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि चावी फिरवणार, तेवढ्यात सलीमभाई धापा टाकत आले. त्यांची घोडी अख्ख्या तालुक्यातल्या नवरदेवांना मिरवते. त्यांची गाडी ऐन वेळी बंद पडली होती आणि हर्सूलच्या लॉनवर वरात घोडीची वाट बघत होती. "भाई, हर्सूल तो तुम्हारे रस्तेमेंच है," ते म्हणाले, "पीछे खालीच तो जारे तुम." गाडी रिकामी आहे, हे त्यांनी मला सांगायला नको होतं.

घोडी आणि तिला धरून सलीमभाई मागं चढताना बघून बापूंनी विचारलं, "सत्काराला घोडी लागती व्हय?" मी म्हटलं, हर्सूलपर्यंतच आहे.

केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती. (बसवायची आहे, असं मी बरेच दिवस म्हणत होतो.) गाव सुटलं तशी घोडीनं मान आत घातली आणि बापूंच्या फेट्याचा शेमला चघळायला घेतला. बापूंना आधी वाटलं, वारं लागतंय. चौक्याचा घाट उतरेपर्यंत निम्मा फेटा बापूंच्या डोक्यावर होता, निम्मा घोडीच्या तोंडात, आणि मागून सलीमभाई ओरडत होते, "उसको फेटा नक्को खिलाव, पेट बिघडता उसका!" बापूंच्या पोटाचं कुणी विचारलं नाही.

उघड्या डोक्यानं भावाच्या सत्काराला यायला बापू तयार होईनात. इथंच उतरव म्हणाले, मी चालत माघारी जातो. मी घाबरलो, पण नशीब बघा, हर्सूलच्या लॉनवर दारातच फेटेवाला बसलेला, येईल त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळत होता. घोडी उतरेपर्यंत बापूंना एक बांधून घेऊ, असं मी सुचवलं. फेटेवाल्यानं काही न विचारता गुलाबी फेटा बांधला. तिथंच घात झाला. गुलाबी फेटा नवरदेवाच्या घरच्या वडीलधाऱ्यांचा होता!

त्यात बापूंचं वय, मिशा आणि ते धोतर. इकडं मी आणि सलीमभाई घोडीला खाली ओढतोय (तिला टेम्पो आवडला होता), तिकडं नवरीकडच्या मंडळींनी बापूंना हाताला धरून व्याहीभेटीला उभं केलं. मी पळत पोचलो तेव्हा बापू एका अनोळखी व्याह्याच्या गळ्यात पडले होते. खांद्यावर शाल, हातात नारळ. मी कानात म्हटलं, बापू, चला. ते म्हणाले, आता गेलो तर पोरीच्या बापाला काय वाटंल? खिशात अण्णांचा फोन वाजत होता. मी सांगितलं, हर्सूलला आहे. पुढच्या फोनलाही तेच सांगितलं आणि तेही खरंच होतं. तिकडं अण्णा आयोजकांना हात जोडून आपलं नाव मागं मागं ढकलत होते.

घोडी उतरेना म्हणून वरात खोळंबली. वरात खोळंबली म्हणून माईकवाल्यानं आशीर्वादाची भाषणं सुरू केली आणि पहिलाच मान गुलाबी फेट्यातल्या बापूंना दिला. मी डोळे मिटून घेतले.

"पोरांनो, सुखानं नांदा," बापू म्हणाले. "अन् घरातल्या कुणी नवा धंदा काढला, तर त्याला चारचौघांत टोचून बोलू नका. मी माझ्या धाकट्याला बोललो. लई चुकलो. आज त्याचा सत्कार हाय अन् माझी छाती फुगून आलीय."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. नवरदेवाचा खरा चुलताही टाळ्या वाजवत होता. अण्णांनी जे ऐकायला आयुष्य काढलं, ते बापू बोलले एकदाचे, पण परक्या लग्नात!

आम्ही सभागृहात पोचलो तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते. अण्णांचं नाव शेवटी पुकारलं गेलं होतं, पुरस्कार देऊन झाला होता, पाहुणे निघून गेले होते. अण्णा मांडीवर ट्रॉफी घेऊन पहिल्या रांगेत एकटेच बसलेले, आणि शेजारची खुर्ची त्यांनी रुमाल टाकून धरून ठेवलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापू सरळ पुढं गेले. व्याह्यानं दिलेली शाल अण्णांच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला. मला वाटलं, आता मांडवातलं भाषण होणार. पण सख्ख्या भावासमोर बापूंना शब्द सापडेना. ते खाली बघत एवढंच म्हणाले, "दत्ता, तुझी गाडी चांगली हाय."

अण्णा ढसाढसा रडले. बापू रडले. मीही मोठ्यानं रडून घेतलं, म्हटलं ह्या गर्दीत आपलंही माफ होऊन जाईल.

मग अण्णांनी डोळे पुसले. माझ्या सदऱ्यावरचा घोडीचा फेस पाहिला, दारातून दिसणारा टेम्पो पाहिला आणि बापूंना म्हणाले, "ह्याला किराणा दुकान टाकून देऊ. तिथं गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं अन् माल आपल्या हातानं घेऊन जातं."

दुकान चांगलं चाललंय. फक्त घरपोच सेवा ठेवलेली नाही.