पेवातल्या भुताला चुना

धरणगावच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवणारे भाईदास मास्तर किती भित्रे, हे गल्लीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. झुरळ दिसलं की मास्तर खुर्चीवर. फळ्यावरचं समीकरण मात्र दोन्ही बाजू जुळल्याशिवाय पुसायचे नाहीत.

सत्तावन्न साली शेजारच्या उखर्डूच्या लेकीचं लग्न निघालं आणि त्यानं अंगणातलं पेव उघडलं. जमिनीत पुरलेली ज्वारी काढायची तर कुणीतरी आत उतरायलाच हवं. रिवाजाप्रमाणे आधी दोरीनं कंदील सोडला. तो अर्ध्यातच विझला.

"कोनीतरी शे मझार," उखर्डूची बायको सुमनबाई म्हणाली. आत भूत आहे म्हटल्यावर लगेच ठरलं: गोवऱ्यांचा विस्तव आत सोडून धूप घालायचा, भूत पळालं की उखर्डूनं उतरायचं.

खरं काय ते मास्तरांनी ओळखलं. कोंडलेल्या दाण्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड तळाला साचलाय. विस्तवातल्या कर्बाचा हवेशी संयोग होऊन आणखी तोच तयार होणार. उखर्डू उतरला की संपला. त्यांनी हे घाम पुसत समजावलं. मास्तर भुताला भ्याले, असा निकाल लागला आणि उखर्डूनं कमरेला दोर बांधला.

मग मास्तरांनी चक्क थाप मारली. "याला धूप चालत नाही. याला चुना लागतो."

भुताच्या आवडीनिवडीवर कोण वाद घालणार? लग्नाच्या सफेदीचा चुना कालवलेलाच होता. त्यात भिजवलेली गोणपाटं पेवात सोडून वरखाली हलवली. मास्तर काठावर पुटपुटत होते: एक चुना, एक वायू, एक खडू, एक पाणी. उदासिनीकरण. हायड्रोजन डावीकडे दोन, उजवीकडे दोन. मंत्र समजून बायकांनी हात जोडले. समीकरण जुळत होतं, पण खड्ड्यात वायू किती, ते कुठल्या फळ्यावर होतं?

पुन्हा कंदील सोडला. तळापर्यंत जळत राहिला. उखर्डू उतरला. दोर मास्तरांनी कुणाला धरू दिला नाही. खालून आवाज येईना. तेव्हा डोळे मिटून ते दोर ओढत सुटले.

"मास्तर, वढू नका," खालून उखर्डू वैतागला. "जवारी भरी राहिनू ना."

मास्तरांनी दोर सैल केला, पण हातातून सोडला नाही.

तेव्हापासून गावात पेव उघडलं की त्यांना बोलावणं यायचं. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या कानावर मंत्राचं गेलं तर, या धास्तीनं त्यांची झोप उडायची. पण नाही गेलो तर कुणीतरी विस्तव सोडेल, ही धास्ती मोठी. मास्तर जायचे, आणि दोर स्वतः धरायचे.