चौदा महिन्यांनी मोठी

घणसोली गावात खेळ म्हणजे क्रिकेट, तेही टेनिसच्या चेंडूचं. बाकी सगळा टाइमपास. तिथल्या गोटीराम मढवींची नात जागृती मैदानाच्या एका कोपऱ्यात, क्रिकेटवाल्यांची बोलणी खात फुटबॉल शिकली. शिकवायला होत्या वैशाली मॅडम, ऐरोलीच्या एका शाळेतल्या पीटीच्या बाई. त्यांनी पोरीला पहिल्याच दिवशी डाव्या बाजूने पळवलं आणि नंतर तिथून हलवलंच नाही. आठवीत ती जिल्ह्याकडून खेळली, दहावीत मुंबईतल्या एका क्लबने तिला घेतलं आणि अकरावीत भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघात तिचं नाव आलं. गावाने कमानीवर बॅनर लावला. त्यावर जागृतीपेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा होता, पण ते चालायचंच.

त्या संघाच्या परदेश दौऱ्यात ती दोन सामन्यांत मिळून तेवीस मिनिटं खेळली. एवढ्याने भूक भागत नाही, उलट खवळते. पुढच्या हंगामात त्याच वयोगटाची मोठी स्पर्धा होती आणि प्रशिक्षक तिला पहिल्या अकरांत धरूनच चालले होते. मग वयाची अट जाहीर झाली आणि जागृती सात महिन्यांनी बाद ठरली.

खरं तर ती बाद नव्हतीच. तिची थोरली चुलत बहीण अक्षता पहिलीत जायला निघाली तेव्हा जागृती धड पाच वर्षांचीही नव्हती. पण तिने दाराची चौकट धरून असं काही भोकाड पसरलं, की आजोबांनी दोघींना दोन्ही हातांना धरून शाळेत नेलं आणि दोघीही सहाच्या आहेत असं गुरुजींना ठोकून दिलं. जन्मदाखला कुणी काढलाच नव्हता. गुरुजींनी सहा वर्षांमागची एक जून लिहून टाकली आणि जागृती कागदावर चौदा महिन्यांनी मोठी झाली. गावातल्या अर्ध्या लोकांचा जन्म एक जूनचाच आहे. त्यात आणखी एक. मग त्याच तारखेवर आधार कार्ड झालं, त्याच तारखेवर पासपोर्ट. घरात केक मात्र दरवर्षी ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे कापला जायचा, आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाही वाटलं नाही.

वैशाली मॅडमना हे कळलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग डोक्याला हात लावून बसल्या. इतकी वर्षं त्यांनी वय चोरणारी पोरं पाहिली होती. वय वाढवून आलेली ही पहिलीच. पण त्यांनी तिला धोकाही समजावून सांगितला. खेळता खेळता मधेच वय कमी करून मागणाऱ्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. वय तपासणाऱ्या समितीला लबाडी वाटली तर दोन वर्षांची बंदी, म्हणजे क्लबचा खेळही बंद. गप्प बसलं तर क्लबच्या मोठ्या संघात जागा होतीच. मॅडमचं मत गप्प बसण्याकडे होतं.

जागृती चार दिवस आजोबांशी बोलली नाही. ते ओटीवर बसायचे आणि ती समोरून बूट हातात घेऊन निघून जायची. तिला राग होता, आणि ज्याच्यावर राग होता तोच माणूस रोज सरावाला जाताना तिच्या पिशवीत उकडलेली अंडी टाकत होता. असा राग फार छळतो. पाचव्या दिवशी ती मैदानावर गेली आणि मॅडमना म्हणाली, "मी लहान आहे ना मॅडम, मग लहान म्हणूनच खेळू दे. दुसऱ्याचं वय घेऊन किती दिवस पळू?"

मॅडमनी मग अर्ज लिहायला घेतला. त्यासाठी पुरावा हवा होता. जागृतीच्या आईचं माहेर उरणजवळचं, बाळंतपण तिथल्याच दवाखान्यात झालेलं. आजोबा आपणहून उठले आणि नातीला घेऊन उरणला गेले. जुन्या नोंदवहीत ऑगस्टच्या पानावर तिच्या आईचं नाव सापडलं आणि पुढे नुसतंच 'मुलगी'. तेवढ्यावर दाखला निघाला.

समितीत तिघं होती. त्यांनी दाखला पाहिला, शाळेचा कागद पाहिला, आणि मधल्या बाईंनी अगदी रास्त प्रश्न विचारला. तेव्हा एक सांगितलंत, आता दुसरं सांगताय; आम्ही खरं कोणतं मानायचं? जागृतीने उत्तर पाठ करून आणलं होतं, आणि ते सांगायला ती पुढे झाली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून गोटीराम उठले.

"खोटा मी बोललो, बाई. पोरीचा काय गुना नाय. भयनीसंगं शालेन जायाला रडत व्हती, मना बगवला नाय. सजा द्याची ती मना द्या."

हे लेखी द्याल का, असं बाईंनी विचारलं. नव्या शहरासाठी सरकारने गावच्या जमिनी घेतल्या तेव्हा गोटीरामनी जी सही केली, त्यानंतर कुठल्याही सरकारी कागदाला हात लावणार नाही अशी त्यांची शपथ होती. घराच्या करापासून भाडेकरूंच्या करारापर्यंत सगळीकडे मुलगाच सह्या करायचा. त्यांनी पेन मागून घेतलं. टेबलावर वाकून, एकेक अक्षर काढत, आपण खोटं बोललो असं त्यांनी सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. जागृतीला रडू आवरेना, आणि राग कुठे गेला ते तिला कळलंही नाही.

निकालाला पाच महिने लागले. तोवर त्या स्पर्धेची नोंदणी संपली होती, ती गेली ती गेलीच. पण त्या पाच महिन्यांत ती क्लबच्या मोठ्या संघातून थोराड बायांना भिडत राहिली आणि तीन गोल करून बसली. पत्र आलं तेव्हा ती ओटीवरच बूट घासत होती. खरी तारीख मान्य झाली होती. वीस वर्षांखालच्या संघासाठी तिला एक हंगाम जास्त मिळणार होता आणि शिबिराचं बोलावणंही सोबतच होतं. आजोबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. शिबिराचा भाग त्यांनी नुसता मान डोलावून ऐकला. त्यांना दुसरंच काही हवं होतं.

"चूक कुनाची, ते लिवलंय का त्यात?"

"लिहिलंय ना. चूक आजोबा गोटीराम मढवी यांची, खेळाडूचा दोष नाही."

"मंग बरा झाला," असं म्हणून त्यांनी पत्र मागून घेतलं आणि आपलं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं.