परत येणाऱ्यांचे पेले

बातमी तमिळमध्ये आली. एरवी किट्टूअण्णा माझ्याशी हटकून मराठीत बोलायचे, त्यांच्या त्या जुन्या, सावकाश मराठीत. त्या दिवशी फोन उचलला तर पलीकडून फक्त दोन शब्द आले, "अक्का पोय्ट्टा…" मला तमिळ येत नाही, पण हे कळायला ती यावी लागत नाही. मी विद्यापीठातल्या एका बैठकीत होते. पडद्यावर शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांचं ते रंगीबेरंगी चक्र झळकत होतं आणि कुणीतरी आमचे सामंजस्य करार किती वाढले ते सांगत होतं. मी उठून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. शिपाईमामांनी पाण्याचा ग्लास आणून शेजारी ठेवला आणि निघून गेले.

अंबुजाबाई म्हणजे आमच्या अक्का. तंजावरच्या एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि इतर विद्यापीठांशी भागीदारी जुळवण्याचा विभागही सांभाळायच्या. भोसल्यांच्या राज्यात तिकडे गेलेल्या आणि तिकडच्याच झालेल्या मराठी घरातल्या. लग्न केलं नाही. पश्चिम राजवीथीमागच्या गल्लीत धाकटे भाऊ किट्टूअण्णा आणि त्या, अशा दोघांचंच घर होतं. देवनागरी त्यांना धड वाचता यायची नाही, पण बोलायला लागल्या की आपल्याकडे कधीच विरून गेलेले शब्द त्यांच्या तोंडून सहज यायचे. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या 'चोखोट' आणि 'उदंड'वर आमच्यातले काहीजण गालातल्या गालात हसले होते. अक्कांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हसा, हसा. तुमची मराठी चोखोट आहे, पण फार घाईची आहे."

त्या पहिल्या भेटीत आम्ही सांगलीकडून वाजतगाजत गेलो होतो. कुलगुरू, कुलसचिव, आम्ही चार-दोन प्राध्यापक, वर एक भलामोठा फलक. चंदनाचे हार झाले, शाली झाल्या, करारावर सह्या झाल्या, फोटोसाठी त्याच सह्या पुन्हा झाल्या. मी मातीची अभ्यासक, मला यातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून एका कोपऱ्यात कॉफी पीत उभी होते. अक्का जवळ आल्या, माझ्या हातातल्या कागदी कपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही ओळखीची कॉफी. परत येशील तर भांड्याचं पाहूं." मला वाटलं, भांडी कमी पडली असतील.

काही महिन्यांनी मी एकटीच परत गेले, मातीचे नमुने घ्यायला. अक्कांच्या खोलीत टेबलामागे एक लाकडी फळी होती, तिच्यावर स्टीलचे पेले ओळीनं पालथे घातलेले. त्यातला एक त्यांनी उचलला, खालच्या खोलगट वाटीसकट माझ्यासमोर ठेवला आणि कॉफी ओतली. पेल्यावर तमिळ अक्षरांत काहीतरी कोरलेलं होतं. "वाच," म्हणाल्या. मी म्हटलं, मला कुठे येतं? मग त्यांनी माझं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं, सु… नं… दा. भांड्यांच्या दुकानातल्या कोरणाऱ्याला तमिळ तेवढं येतं, चालवून घे, म्हणाल्या. भांड्यावर नाव घालायची रीत आपल्याकडेही आहे. माझ्या आईच्या प्रत्येक पातेल्यावर माझ्या आजोबांचं नाव होतं. पण ते भांडं हरवू नये म्हणून. अक्का नाव घालायच्या ते माणूस हरवू नये म्हणून.

नियम साधा होता. पहिल्यांदा येईल त्याला कागदी कप, दुसऱ्यांदा येईल त्याला नावाचा पेला. कपाट करारांनी भरून ओसंडत होतं, फळीवर मात्र मोजकेच पेले. "सह्या करणारे उदंड," त्या म्हणायच्या, "परत येणारे थोडे." एकदा मी त्यांना चिडवलं, अक्का, जगभरच्या लोकांनी एवढी सतरा उद्दिष्टं ठरवली, आणि तुम्ही ते सगळं शेवटी कॉफीवर आणून ठेवलंत. तर म्हणाल्या, "सोळा पदार्थ रांधले आणि सतरावी ती पंगत. पंगतच बसली नाहीं तर रांधून काय करायचं गे?" सतरावं उद्दिष्ट भागीदारीचं आहे. त्यावर मी ऐकलेलं सगळ्यात नेटकं भाषण तेवढंच.

अक्कांचा स्वतःचा पेला नव्हता. जो रिकामा असेल तो घ्यायच्या, नाहीतर कागदी कप. मी विचारलं तर हसल्या. "मी कुठली पाहुणी? मी इथलीच."

आमची भागीदारी होती तिरुवैयारुच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या तळ्यासाठी. कावेरीच्या कालव्यातून येणारी पाण्याची वाट गाळानं बुजलेली, तळं उन्हाळ्याआधीच आटायचं. गाळाचा आणि मातीचा अभ्यास आमचा, मोजणी तंजावरच्या विद्यार्थ्यांची आणि काय करायचं ते ठरवणार गावातला बायकांचा गट. त्यांची पुढारी सेल्वी, उंच, मोठ्या आवाजाची, भाताची शेती करणारी. सेल्वी तमिळ बोलायची, मी मराठी आणि मधे अक्का. दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवताना त्या प्रत्येक वाक्यात पदरचं थोडं मीठ घालत असाव्यात, कारण सेल्वी माझ्या अगदी साध्या प्रश्नांनाही खो खो हसायची. काम पुरं झालं तेव्हा दोन्ही विद्यापीठांनी काठावर कोनशिला बसवली. तिच्यावर दोन्ही बोधचिन्हं होती, सगळ्या साहेबांची नावं होती, फक्त गावाचं नाव राहून गेलं होतं! पाहुणे गेल्यावर बायकांनी ती शिला उपटली, उलटी करून पायरीवर टाकली आणि तिच्यावर धुणं आपटायला लागल्या. आमच्या कुलगुरूंना कळलं तर काय, म्हणून माझा जीव खालीवर झाला. अक्का मात्र खुशीत होत्या. म्हणाल्या, "आतां कामाची झाली."

ते तळं त्यानंतर उन्हाळ्यातही टिकू लागलं. टिकेना झाल्या त्या अक्का. निवृत्तीला आल्या आणि त्याच सुमारास आजार निघाला. विद्यापीठात नवी माणसं आली, मानांकनात ज्यानं गुण वाढतात तेवढेच करार ठेवायचे असं ठरलं. एका खेड्यातल्या एका तळ्याचे कसले गुण? आमच्याकडेही मुदत संपली, प्रवासखर्च बंद झाला. कुणाचंच काही चुकलं नव्हतं, आणि तरी सगळं संपत चाललं होतं. अक्कांना मरणाची भीती नव्हती, ते त्यांनी मला स्पष्टच सांगितलं होतं. त्यांना खात होतं ते एवढंच की हे सगळं आपल्या एकटीच्या जिवावर उभं होतं की काय. आपण उठलो की पंगतही उठेल…

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. खिडकीशी खाट होती, हात काटकीसारखे झाले होते. किट्टूअण्णा पायाशी बसून, त्यांचे पाय आहेत की नाहीत असं चाचपावं तसं पुन्हा पुन्हा पांघरूण सारखं करत होते. मी काहीबाही बोलत राहिले. त्यांनी मधेच थांबवलं. "तळ्याला पाणी किती आहे?" मी सांगितलं, भरपूर आहे. मग म्हणाल्या, "करार नाहीं, पैसा नाहीं, मीही नाहीं. तेव्हां येशील का?" मी येईन म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. सह्या करणाऱ्यांकडे त्या अशाच बघायच्या, वाद न घालता. ती नजर मला आजही सोसवत नाही.

अक्का गेल्यावर महिन्याभरानं मी रजा टाकून तंजावरला गेले. आधी विद्यापीठात. अक्कांच्या खोलीत आता मानांकनाचा विभाग आहे, नवी टेबलं आहेत, भिंतीला नवा रंग. फळी काढून टाकलेली, खिळ्यांच्या भोकांत रंग भरलेला. मी पेल्यांचं विचारलं तर तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या, खोली रिकामी करताना दोन बायका आल्या, आमची भांडी आहेत म्हणाल्या आणि पोत्यात घालून घेऊन गेल्या. मी तडक तिरुवैयारुची बस पकडली. किट्टूअण्णाही बरोबर आले, बोलणं पोचवायला.

तळं भरलेलं होतं. त्या उलट्या शिलेवर कुणीतरी धुणं धूत होतं. गटाच्या शेडमध्ये सेल्वीनं आम्हाला बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, नवं प्रोजेक्ट आलं का? नाही म्हटलं. जुनं वाढवून मिळालं? नाही. "मग कशाला आलात?" किट्टूअण्णांनी प्रश्न मराठीत आणला. मी म्हटलं, पाणी बघायला. अक्कांना येते म्हणाले होते.

सेल्वी उठली. भिंतीला नवी फळी ठोकलेली होती, तिच्यावर ते सगळे पेले, अक्का लावायच्या तसेच ओळीनं पालथे. तिनं माझा काढून कॉफी ओतली. ओळीच्या टोकाला एक नवा करकरीत पेला होता, अजून एकही चरा न पडलेला. तो मी हातात घेतला. त्यावर कोरलेलं नाव वाचायला किट्टूअण्णांनी चष्मा लावला, आणि वाचून झाल्यावर तो काढून हातातच धरून उभे राहिले. अंबुजा अक्का. मी सेल्वीला म्हटलं, पण त्या तर पेला घ्यायच्या नाहीत, मी पाहुणी नाही म्हणायच्या. सेल्वी एरवीच्या त्या मोठ्या आवाजात नाही, अगदी हळू काहीतरी बोलली. किट्टूअण्णांनी डोळे पुसले, मग म्हणाले, "ती म्हणत्ये, तेव्हां नव्हत्या पाहुण्या. आतां झाल्या. परत आल्या तर काय कागदाच्या कपात देऊं?"