अध्यक्षांच्या कपाळात पिन

“मॅडम, मधली दोन्ही पानं शेठना द्या. फुल साइज. नुसता चेहरा!”

प्राचार्य माझ्या टेबलासमोर उभे राहून दोन्ही हात फाकवून दाखवत होते, चेहरा केवढा हवा ते. शेठ म्हणजे त्यांच्या संस्थेचे अध्यक्ष. आणि मी भिवंडीत बावीस वर्षं डीटीपी करते. लग्नपत्रिकेपासून साडीच्या खोक्यापर्यंत जे छापायचं असेल, ते कॉम्प्युटरवर मांडून देते. कॉलेजचा वार्षिक अंकही दर वर्षी माझ्याकडेच येतो. विद्यार्थ्यांचा अंक म्हणतात त्याला. का म्हणतात, देव जाणे. अठ्ठेचाळीस पानांत पहिला विद्यार्थी सतराव्या पानावर भेटतो. त्याआधी सगळ्या शुभेच्छा, फोटो मानाप्रमाणे उतरत्या क्रमाने. एका वर्षी सचिवांचा फोटो उपाध्यक्षांपेक्षा दोन मिलिमीटर मोठा झाला होता. उपाध्यक्षांनी पडघ्याहून फोन करून माझी अर्धा तास शाळा घेतली. पट्टी लावून मोजला होता त्यांनी!

“सर, मधल्या पानांवर चेहरा टाकत नाहीत,” मी म्हटलं. “तिथे पिना येतात.”

अंक सेंटर पिनचा होता. म्हणजे सगळे कागद एकात एक घालायचे, मधोमध दुमडायचे आणि घडीवर दोन पिना मारायच्या. शाळेच्या वहीसारखं. पिनांची टोकं आत, बरोबर मधल्या पानांवर वळतात. तिथे झाड टाका, कॉलेजची इमारत टाका, माणसाचं तोंड टाकू नका. हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यातच शिकवतात.

“टेक्निकल गोष्टी मला सांगू नका हो. शेठची एकसष्टी आहे.”

“मग ही दोन पानं आणू कुठून? वाढवायची तर चार वाढतात. एक कागद दुमडला की चार पानं होतात.”

“वाढवायची नाहीत. रुखसारचा लेख काढा. दोनच पानांचा आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “लेख चांगलाय, पण शेठचे स्वतःचे लूम आहेत ना.”

रुखसार बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. अंकाची विद्यार्थी संपादक. लेखाचं नाव ‘आमच्या घरी सगळे ओरडून बोलतात’. तिचे वडील पॉवरलूमच्या खडखडाटात बारा-बारा तासांची शिफ्ट करून कानाने अधू झालेले. त्यांना ऐकू जावं म्हणून आई ओरडते, आईचं ऐकून पोरं ओरडतात. नवीन शेजारीण भांडण सोडवायला धावत आली आणि चहा पिऊन गेली, असं सगळं तिने लिहिलं होतं. मी मांडणी करताना खदाखदा हसले, आणि शेवटच्या परिच्छेदाशी माझा माऊसवरचा हात थांबला. कॉलेजच्या अंकात असं कधी होत नाही.

दुपारी ती प्रूफ बघायला आली. लेख काढायला सांगितल्याचं मी तिला सांगितलं.

“मॅडम, पुढच्या वर्षी मी नसणार,” ती म्हणाली. “अब्बूंना मराठी वाचता येत नाही. तरी कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरतायत, लडकी का छप रहा है. आता त्यांना काय सांगू?”

मी प्राचार्यांना फोन लावला. “मॅडम, तुम्ही डिझाइन बघा, संपादन आम्ही बघतो,” म्हणून त्यांनी ठेवून दिला. असा संताप आला! पण पोट याच धंद्यावर. मूग गिळले आणि शेठचा चेहरा दोन पानांवर पसरला. तिची पानं मात्र डिलीट केली नाहीत.

पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. उत्तर आलं, “ओके, अप्रतिम”, पुढे तीन नमस्कार. मोबाइलवर पिना दिसत नाहीत.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी पहिली प्रत मानाने शेठच्या घरी, कशेळीला गेली. सकाळी दहाच्या सुमारास प्राचार्यांचा फोन. “मॅडम, असाल तशा या!”

गेले. टीपॉयवर अंक उघडा पडला होता, शेजारी लिंबू ठेवलेलं. एक पिन शेठच्या कपाळात, बरोबर टिळा लावतात तिथे. दुसरी गळ्यात. शेठ सोफ्यावर कपाळ चोळत बसले होते आणि त्यांच्या पत्नी घर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या.

“कोनी ठोकले ह्ये खिले? एकसष्टी आलीय, न् यांचे कपालान एक, गल्यान एक! ह्ये पुस्तक माजे घरान न्हाय पायजे!”

प्राचार्यांनी माझ्याकडे बोट केलं. “मी मॅडमना म्हटलं होतं, पिनचं बघा म्हणून...”

“टेक्निकल गोष्टी सांगू नका म्हणाला होतात, सर. व्हॉट्सॲपवर तुमचं ओके आहे. अप्रतिमसुद्धा आहे. दाखवू?”

“त्यो फोटो आदी काडा!” बाई कडाडल्या.

“काढा, काढा!” प्राचार्य मला म्हणाले. “मधला कागद बदलून टाका. काहीही छापा तिथे. तुमच्याकडे तयार काय आहे?”

“दोन पानांचा एकच मजकूर तयार आहे, सर.”

त्यांना कळलं कोणता ते. त्यांनी शेठकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं. “छापा,” म्हणाले.

संध्याकाळपर्यंत प्रेसवाल्यांनी सगळ्या प्रतींच्या पिना काढल्या, मधला कागद बदलला, पुन्हा पिना मारल्या. शेठचे फोटो आणखी तीन ठिकाणी होतेच, त्यामुळे त्यांची गैरसोय झाली नाही.

प्रकाशनाला मलाही बोलावलं. बहुतेक पुन्हा काही निघालं तर हाताशी असावी म्हणून. फोटोसाठी शेठनी अंक उघडला. नवीन सेंटर पिनचा अंक मधेच उघडतो, तसा तो उघडला. शेठनी चष्मा लावून माईकवर मथळा वाचला, “आमच्या घरी सगळे ओरडून बोलतात.” प्राचार्य स्वतःच्या बुटांचा अभ्यास करू लागले.

“कोणी लिहिलंय?”

रुखसार तिसऱ्या रांगेत उभी राहिली. काहीतरी पुटपुटली.

“काय?” शेठनी कानामागे हात धरला. “जोरात बोल पोरी. जवानीत मीपण लूमवर उभा होतो. या कानाने काय ऐकू येत नाय.”

“मी लिहिलंय!” ती ओरडली. घरची सवय. हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.

“हां. आत्ता आलं.” शेठ खाली बसले आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना दोन्ही पानं वाचून काढली. त्यांच्या लूमवर काही बदललं का? छे! शिफ्ट बारा तासांचीच आहे. रुखसारच्या वडिलांनी एक प्रत कारखान्यात नेली, मराठी वाचणारा एक जण गाठला आणि त्याच्याकडून अख्खा लेख वाचून घेतला. लूम चालूच होते, त्यामुळे त्यालाही तो ओरडूनच वाचावा लागला.

मी आता क्लायंटला नियम समजावत बसत नाही. पिना मारलेली डमी प्रत त्याच्या घरी पाठवते.